फंक्शन आहे की नाही, हे कॉन्फिगरला नेमके कसे विचारावे

बिल्डपूर्वी प्रणालीत काय काय उपलब्ध आहे ते तपासणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टने एखाद्या फंक्शनपुढे ‘येस’ छापले आणि तरीही प्रत्यक्ष बिल्ड करणारे मेक मध्येच थांबले, की दोष बहुधा कंपायलरला किंवा लिनक्सच्या डिस्ट्रोला दिला जातो. प्रत्यक्षात तपासणीने विचारलेला प्रश्न एक असतो आणि प्रोग्रामची गरज वेगळीच असते. याच्या उलट प्रकार अधिक घातक आहे. फंक्शन हजर असताना तपासणी ‘नो’ म्हणते, प्रोग्राम पर्यायी कोड घेऊन सुरळीत बिल्ड होतो आणि एखादी सुरक्षेची सोय बंद पडल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

हा लेख कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणाऱ्या ऑटोकॉन्फसाठी ‘कॉन्फिगर डॉट एसी’ ही फाइल स्वतः लिहिणाऱ्यांसाठी, तसेच दुसऱ्याने लिहिलेली फाइल दुरुस्त करणाऱ्यांसाठी आहे. सीमेक आणि मेसन ही दुसरी बिल्ड साधने वापरणाऱ्यांना यातील बहुतेक गोष्टी जशाच्या तशा लागू पडतात, त्यांच्यापुरते वेगळे ते शेवटी दिले आहे. उदाहरणासाठी तीन फंक्शने घेऊ: वेळ वाचणारे क्लॉक गेटटाइम, मर्यादा पाळून स्ट्रिंग उतरवणारे स्ट्रलकॉपी, ज्याची अक्षरे एस, टी, आर, एल, सी, पी, वाय अशी आहेत, आणि तुलना करणाऱ्या फंक्शनला जादा माहिती पोचवणारे क्यूसॉर्ट आर. ही तीन निवडण्याचे कारण असे की तिघांच्या तपासणीत तीन वेगवेगळ्या चुका होतात.

येथे मॅक्रो, फंक्शन आणि फाइल यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. मॅक्रो आणि फंक्शन यांच्या नावातील मोकळ्या जागी प्रत्यक्ष लिहिताना अंडरस्कोर येतो, आणि ‘एसी’ने सुरू होणारी मॅक्रोंची नावे पूर्णपणे मोठ्या लिपीतील अक्षरांत लिहितात.

१. पूर्वतयारी: आधी कागदावर नोंद

कॉन्फिगर डॉट एसी उघडण्यापूर्वी प्रत्येक फंक्शनसाठी पाच गोष्टी लिहून काढाव्यात: ते कोणत्या हेडरमध्ये घोषित आहे, कोणत्या लायब्ररीत राहते, त्याची घोषणा दिसण्यासाठी कोणता फीचर मॅक्रो (हेडरमधील जादा घोषणा खुल्या करणारा मॅक्रो) लागतो, कोणत्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे आणि ते नसेल तर आपला प्रोग्राम काय करणार आहे. पहिल्या तीन गोष्टी मॅन पानाच्या सुरुवातीच्या ‘सिनॉप्सिस’ भागात मिळतात, मात्र ते पान ज्या प्रणालीचे आहे तिच्यापुरतेच ते खरे असते.

आपल्या तीन फंक्शनांची नोंद साधारण अशी होईल. क्लॉक गेटटाइम ‘टाइम डॉट एच’मध्ये घोषित आहे. जीलिबसीच्या, म्हणजे बहुतेक लिनक्स डिस्ट्रोंतील सी लायब्ररीच्या, २.१७ या आवृत्तीपूर्वी त्यासाठी आरटी ही वेगळी लायब्ररी जोडावी लागे, त्यानंतर ते मुख्य सी लायब्ररीतच आले. स्ट्रलकॉपी ओपनबीएसडीमधून आले, ‘स्ट्रिंग डॉट एच’मध्ये घोषित असते, आणि जीलिबसीमध्ये ते २०२३ साली २.३८ या आवृत्तीत दाखल झाले. अल्पाइन लिनक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या मसल लायब्ररीत मात्र ते त्याच्या बरेच आधीपासून आहे. क्यूसॉर्ट आर ‘एसटीडीलिब डॉट एच’मध्ये असते, जीलिबसीत त्याची घोषणा जीएनयू सोर्स हा मॅक्रो आधी व्याख्यित असेल तरच दिसते, आणि त्याच्या आर्ग्युमेंटचा क्रम सर्व प्रणालींवर सारखा नाही.

पाचवा रकाना सर्वांत महत्त्वाचा असून तोच सर्वांत जास्त वेळा रिकामा राहतो. ‘नसेल तर काय’ याचे उत्तर नसेल, तर दोनच मार्ग उरतात. ते फंक्शन अनिवार्य असेल तर ‘एसी मेसेज एरर’ वापरून स्पष्ट संदेशासह कॉन्फिगर थांबवावे, आणि ते सर्वत्र असतेच असे असेल तर तपासणी काढून टाकावी. मेमकॉपी, स्ट्रसीएचआर किंवा स्ट्रटोल यांसारखी १९८९ च्या सी मानकातील फंक्शने आज तपासण्याचे कारण नाही. ऑटोस्कॅन हे साधन सोर्स वाचून तपासण्यांची यादी सुचवते, पण ती यादी कच्चा मसुदा समजावी. ती जशीच्या तशी उतरवल्याने कॉन्फिगर लांबते आणि पुढे सांगितलेली मॅलॉकची अडचणही ओढवते.

*पडताळणी: सोर्समध्ये ‘हॅव’ने सुरू होणारे मॅक्रो शोधून पाहावेत. कॉन्फिगर डॉट एसीमध्ये तपासलेले पण सोर्समध्ये कोठेही न वापरलेले, तसेच सोर्समध्ये वापरलेले पण कोठेही न तपासलेले, असे दोन्ही प्रकार या एका शोधात सापडतात. दुसरा प्रकार बहुधा स्पेलिंगच्या चुकीतून येतो, आणि ‘इफडेफ’मुळे कंपायलर त्याबद्दल एक शब्दही बोलत नाही.*

२. तपासणी प्रत्यक्षात काय करते, हे पाहून घ्यावे

‘एसी चेक फंक्स’ हा मॅक्रो हेडर उघडत नाही. तो एक लहान प्रोग्राम लिहितो, त्यात तपासायच्या फंक्शनची स्वतःच्या मनाने एक खोटी घोषणा करतो, म्हणजे ते फंक्शन ‘कॅर’ प्रकारची किंमत परत करते असे सांगतो, मेनमधून त्याला हाक मारतो आणि प्रोग्राम लिंक होतो का एवढेच पाहतो. प्रोग्राम चालवला जात नाही. लिंकरला ते नाव सापडले की उत्तर ‘येस’, नाही सापडले की ‘नो’. जीलिबसीमध्ये काही फंक्शने केवळ नावापुरती असतात आणि नेहमी अपयशच कळवतात. त्यांच्यासाठी हेडरमध्ये ‘स्टब’ने सुरू होणारे खूणमॅक्रो ठेवलेले असतात. ते आढळल्यास ही तपासणी ‘नो’ म्हणते, आणि शहाणपणाचा एवढाच एक अपवाद तिच्यात आहे.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर एखाद्या अयशस्वी तपासणीनंतर ‘कॉन्फिग डॉट लॉग’ उघडून फंक्शनचे नाव शोधावे. ‘चेकिंग फॉर’ या ओळीखाली कंपायलरला दिलेली पूर्ण आज्ञा दिसते, तिच्याखाली लिंकरचे ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ हे वाक्य दिसते, आणि मग ‘फेल्ड प्रोग्रॅम वॉज’ या ओळीनंतर तो संपूर्ण प्रोग्राम छापलेला असतो, प्रत्येक ओळीच्या आरंभी एक उभी रेघ असते. तो प्रोग्राम एकदा सावकाश वाचला की पुढील मर्यादा वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

पहिली मर्यादा अशी की नाव लायब्ररीत आहे, पण हेडरमध्ये त्याची घोषणा दिसत नाही, अशा वेळीही उत्तर ‘येस’ येते. दुसरी मर्यादा याच्या नेमकी उलट आहे: एखादी गोष्ट हेडरमध्ये केवळ मॅक्रो म्हणून असेल, तर ती वापरता येत असूनही उत्तर ‘नो’ येते. बत्तीस बिटी विंडोजवरील सिस्टिमच्या फंक्शनांचेही असेच होते, कारण तेथील कॉलिंग पद्धतीमुळे लिंकरपर्यंत पोचणारे नाव बदललेले असते आणि खोट्या घोषणेतून ते बदललेले नाव तयारच होत नाही. तिसरी मर्यादा म्हणजे फंक्शनची आर्ग्युमेंट, परतीचा प्रकार आणि वर्तन यांबद्दल ही तपासणी काहीही सांगत नाही.

म्हणून प्रत्येक फंक्शनपुढे कोणता प्रश्न विचारायचा आहे हे ठरवून लिहावे. नाव लिंक होते का, योग्य हेडर घेतल्यावर ते घोषित आहे का, आपल्याला हव्या त्या स्वरूपात घोषित आहे का, आणि चालवल्यावर अपेक्षेप्रमाणे वागते का, हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची साधनेही वेगळी आहेत.

३. कॉन्फिगर डॉट एसीमधील क्रम

क्रम चुकला तर बरोबर लिहिलेली तपासणीही चुकीचे उत्तर देते, कारण प्रत्येक तपासणी त्या क्षणापर्यंत जमलेल्या मॅक्रोंवर, फ्लॅगांवर आणि लायब्ररींवर अवलंबून असते. ‘एसी इनिट’ आणि ‘एसी कॉन्फिग हेडर्स’ यांच्यानंतर ‘एसी प्रॉग सीसी’ने कंपायलर ठरवावा. त्याला लागूनच ‘एसी यूज सिस्टिम एक्स्टेन्शन्स’ लिहावे. जीएनयू सोर्स, डार्विन सी सोर्स, नेटबीएसडी सोर्स यांसारखे फीचर मॅक्रो हाच एक मॅक्रो व्याख्यित करतो, त्यामुळे हेडर किंवा घोषणा तपासणाऱ्या कोणत्याही ओळीच्या आधी तो यायलाच हवा. मोठ्या फाइलींसाठीचे ‘एसी सिस लार्जफाइल’ही येथेच यावे. त्यानंतर लायब्ररी, मग हेडर, मग प्रकार आणि स्ट्रक्चरचे घटक, मग घोषणा, आणि शेवटी फंक्शने. ‘एसी कॉन्फिग फाइल्स’ आणि ‘एसी आउटपुट’ सर्वांत खाली.

नेहमीची चूक अशी असते की कोणीतरी नंतर एक तपासणी जोडतो आणि ती फाइलच्या वरच्या भागात, कंपायलरच्या ओळीला लागून टाकतो. फीचर मॅक्रो तेव्हा लागू झालेले नसतात, क्यूसॉर्ट आरची घोषणा लपलेली राहते आणि उत्तर ‘नो’ येते. तीच ओळ खाली नेली की ‘येस’ येते.

*इशारा: यादी लिहिण्याची पद्धत सर्व मॅक्रोंची सारखी नाही. एसी चेक फंक्स आणि ‘एसी चेक हेडर्स’ यांत नावांमध्ये मोकळी जागा सोडतात, तर ‘एसी चेक डेक्ल्स’ आणि ‘एसी चेक मेंबर्स’ यांत नावे स्वल्पविरामाने वेगळी करून संपूर्ण यादी चौकटी कंसात ठेवावी लागते. कंस विसरले तर दुसरे नाव पुढचे आर्ग्युमेंट समजले जाते.*

४. लायब्ररी शोधणे

येथे ‘एसी सर्च लिब्ज’ वापरावे, ‘एसी चेक लिब’ नव्हे, निदान जेथे फंक्शन मुख्य सी लायब्ररीत असण्याची शक्यता आहे तेथे तरी नक्कीच. एसी सर्च लिब्ज प्रथम कोणतीही जादा लायब्ररी न जोडता पाहते, आणि नाव सापडले नाही तरच दिलेल्या लायब्ररी एकेक करून आजमावते. गरज नसेल तेव्हा ‘नन रिक्वायर्ड’ असे छापून ती पुढे जाते.

क्लॉक गेटटाइमच्या बाबतीत हा फरक ठळक दिसतो. ‘आरटी लायब्ररीत क्लॉक गेटटाइम आहे का’ असे एसी चेक लिबने मॅकओएसवर विचारले, तर उत्तर ‘नो’ येते, कारण तेथे आरटी नावाची लायब्ररीच नाही, फंक्शन मात्र सिस्टिमच्या मुख्य लायब्ररीत हजर असते. त्याच ओळीत लेखकाने एसी मेसेज एरर लिहिले असेल तर बिल्ड विनाकारण थांबते. नव्या जीलिबसीवर उलट घडते: आरटी जोडून प्रोग्राम लिंक होतो, पण तो लिंक होतो मुख्य लायब्ररीमुळे, आणि आरटीचा फ्लॅग विनाकारण चिकटून राहतो. २०२१ च्या २.३४ या आवृत्तीत जीलिबसीने पीथ्रेड, डीएल, युटिल आणि एएनएल या लायब्ररी मुख्य लायब्ररीत सामावून घेतल्या, त्यामुळे डीएलओपन किंवा पीथ्रेड क्रिएट यांसाठीही हाच नियम पाळावा.

एसी चेक लिबला चौकटीत काही कृती दिली नाही, तर ती लायब्ररी ‘लिब्ज’ या व्हेरिएबलमध्ये आपोआप जोडली जाते आणि त्यानंतरच्या प्रत्येक तपासणीत आणि प्रत्येक प्रोग्राममध्ये लिंक होते. एकाच उपप्रोग्रामला लागणारी लायब्ररी अशा रीतीने सर्वांच्या गळ्यात पडू नये, यासाठी लिब्जची जुनी किंमत आधी जपून ठेवावी, तपासणी करावी, नवी किंमत वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घ्यावी आणि जुनी परत ठेवावी. हे चार ओळींचे काम आहे, आणि ते टाळल्याची किंमत पुढे पॅकेज करणाऱ्यांना मोजावी लागते.

*इशारा: लायब्ररीचे नाव ‘एलडीफ्लॅग्ज’मध्ये देऊ नये. तेथील मजकूर आज्ञेत सोर्स फाइलीच्या आधी येतो. उबंटूसारख्या, गरज नसलेली लायब्ररी गाळणाऱ्या लिंकरवर ती लायब्ररी त्या क्षणी निरुपयोगी ठरून वगळली जाते आणि तपासणी ‘नो’ म्हणते. एलडीफ्लॅग्जमध्ये शोधमार्ग आणि लिब्जमध्ये लायब्ररी, ही विभागणी काटेकोरपणे पाळावी.*

५. घोषणा तपासणे

पूर्वी घोषणा नसलेले फंक्शन वापरले तर सी कंपायलर ते ‘इंट’ परत करते असे गृहीत धरून केवळ सूचना देत असे. पॉइंटर परत करणाऱ्या फंक्शनच्या बाबतीत चौसष्ट बिटी यंत्रावर त्यामुळे अर्धा पत्ता गळून पडे आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी कोसळे. २०२३ च्या क्लँग १६ पासून आणि २०२४ च्या जीसीसी १४ पासून ही सूचना आता थेट एरर झाली आहे. त्यामुळे ‘लिंक होते पण घोषित नाही’ हा प्रकार आता मेकच्या वेळी लगेच उघड होतो, आणि कॉन्फिगरने ‘येस’ म्हटले तरी बिल्ड तुटण्याचे ते आज सर्वांत नेहमीचे कारण आहे.

उपाय म्हणजे एसी चेक डेक्ल्स वापरून योग्य हेडरसह घोषणा तपासणे. त्याच्या नेहमीच्या हेडरांच्या संचात एसटीडीलिब आणि स्ट्रिंग ही हेडर येतात, म्हणून स्ट्रलकॉपी आणि क्यूसॉर्ट आर यांच्यासाठी वेगळे काही द्यावे लागत नाही. क्लॉक गेटटाइमसाठी मात्र शेवटच्या आर्ग्युमेंटमध्ये टाइम डॉट एच स्वतः लिहावे लागते, आणि ती ओळ चौकटी कंसात ठेवावी, कारण ‘हॅश’ या चिन्हापासून पुढचा मजकूर एमफोर हा मॅक्रो प्रोसेसर टिप्पणी समजतो.

येथे एक बारीक पण महत्त्वाचा भेद आहे. एसी चेक फंक्सचा ‘हॅव स्ट्रलकॉपी’ हा मॅक्रो फंक्शन सापडले तरच व्याख्यित होतो, म्हणून सोर्समध्ये त्यासाठी इफडेफ चालते. एसी चेक डेक्ल्सचा ‘हॅव डेक्ल स्ट्रलकॉपी’ हा मॅक्रो मात्र नेहमीच व्याख्यित असतो, घोषणा असेल तर १ आणि नसेल तर ०. त्याला इफडेफ लावले की अट सर्व प्रणालींवर खरी ठरते आणि तपासणी केली काय, न केली काय, सारखेच होते. येथे साधे ‘इफ’ लिहावे. बिल्ड करताना ‘डब्ल्यू-अनडेफ’ ही सूचना चालू ठेवली, तर इफमध्ये लिहिलेल्या पण कोठेच न व्याख्यिलेल्या मॅक्रोची चूकही कंपायलर दाखवतो.

६. स्वरूप आणि वर्तन तपासणे

क्यूसॉर्ट आरला वरील दोन्ही तपासण्या पुरत नाहीत. जीलिबसीमध्ये पाच आर्ग्युमेंटपैकी चौथे तुलना करणारे फंक्शन आणि पाचवे जादा माहितीचा पॉइंटर असतो. बीएसडीच्या जुन्या पद्धतीत आणि मॅकओएसवर हा क्रम उलटा आहे, आणि तुलना करणाऱ्या फंक्शनच्या आतही जादा पॉइंटर शेवटी न येता आधी येतो. फ्रीबीएसडीने १४ व्या आवृत्तीत जीएनयूचा, म्हणजे पॉसिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकाने २०२४ साली स्वीकारलेला, क्रम घेतला. ‘फ्रीबीएसडी असेल तर असे, लिनक्स असेल तर तसे’ अशी प्रणालीच्या नावावरून लिहिलेली अट अशाच बदलाने तुटते. नावावर विसंबू नये, समोरच्या हेडरलाच विचारावे.

केवळ हाक मारून पाहणारा प्रोग्राम येथे फसवा ठरतो. जादा माहिती ‘व्हॉइड’ पॉइंटरमध्ये असेल, तर फंक्शनचा पॉइंटर आणि व्हॉइड पॉइंटर यांची अदलाबदल जीसीसी नेहमीच्या सूचनापातळीवर मुकाट्याने मान्य करतो, म्हणजे चुकीच्या क्रमाचा प्रोग्रामही कंपाइल होतो आणि चालवल्यावर कोसळतो. खात्रीचा मार्ग असा: ‘एसी कंपाइल इफएल्स’ला दिलेल्या प्रोग्राममध्ये एसटीडीलिब डॉट एच घ्यावे आणि त्याखाली आपल्याला अपेक्षित असलेल्या स्वरूपात क्यूसॉर्ट आरची पूर्ण घोषणा पुन्हा लिहावी. हेडरमधील घोषणा वेगळी असेल तर दोन घोषणांचा विरोध होतो, आणि हा विरोध सी भाषेत सूचना नसून एरर असतो. घोषणेतील फंक्शनचे नाव गोल कंसात लिहावे, म्हणजे एखाद्या हेडरने त्याच नावाचा मॅक्रो केला असला तरी तो मध्ये येत नाही.

*पडताळणी: ही युक्ती घोषणा आधीच दिसत असेल तरच चालते. हेडरमध्ये घोषणाच नसेल तर आपली घोषणा बिनविरोध मान्य होऊन उत्तर ‘येस’ येते. म्हणून ती नेहमी एसी चेक डेक्ल्सच्या नंतर आणि त्याचे उत्तर १ असेल तरच चालवावी.*

स्ट्रएरर आरचीही अशीच गोष्ट आहे: पॉसिक्सच्या रूपात ते इंट परत करते, जीएनयूच्या रूपात कॅर पॉइंटर. त्यासाठी ऑटोकॉन्फमध्ये ‘एसी फंक स्ट्रएरर आर’ तयार आहे, ते वापरावे.

वर्तन तपासण्यासाठी प्रोग्राम चालवणारा ‘एसी रन इफएल्स’ हा शेवटचा उपाय समजावा. लॅपटॉपवर बसून रास्पबेरी पायसाठी क्रॉस कंपाइल करणाऱ्याला तो प्रोग्राम तेथे चालवताच येत नाही, आणि चौथे आर्ग्युमेंट, म्हणजे क्रॉस कंपाइल करताना काय मानायचे ते, दिलेले नसेल तर कॉन्फिगर तेथेच थांबते. ते आर्ग्युमेंट नेहमी द्यावे, आणि अंदाज बाहेरून बदलता यावा म्हणून उत्तर ‘एसी कॅशे व्हॅल’मध्ये गुंडाळावे.

ऑटोस्कॅनने सुचवलेले ‘एसी फंक मॅलॉक’ येथेच अडचण करते. शून्य आकार मागितल्यावर मॅलॉक रिकामा नसलेला पॉइंटर देते का, हे तो प्रोग्राम चालवून पाहतो. चालवणे शक्य नसेल तेव्हा अंदाज ‘नो’ निघाला, तर मॅलॉकचे नाव ‘आरपीएल मॅलॉक’ असे बदलले जाते, आणि त्या नावाचे फंक्शन प्रकल्पात नसल्याने लिंक करताना ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतो. आपला कोड मॅलॉकच्या त्या विशिष्ट वर्तनावर विसंबून नसेल तर ही ओळ सरळ काढून टाकावी.

७. पर्यायी फंक्शन जोडणे

स्ट्रलकॉपी नसेल तेथे स्वतःचे वापरायचे असेल तर ‘एसी रिप्लेस फंक्स’ पुरेसे आहे. ते तपासणी करते आणि फंक्शन नसेल तर त्याच नावाच्या सी फाइलची ऑब्जेक्ट फाइल ‘लिबऑब्ज’ या व्हेरिएबलमध्ये टाकते. मेकफाइल डॉट एएममध्ये प्रोग्रामच्या ‘एलडीअ‍ॅड’मध्ये लिबऑब्ज लिहिणे, आणि लिबटूल वापरत असल्यास ‘एलटीलिबऑब्ज’ लिहिणे, हे मात्र आपले काम आहे. ते विसरल्याची चूक लेखकाच्या नव्या यंत्रावर कधीच दिसत नाही, कारण तेथे फंक्शन असतेच. ती दिसते जुन्या प्रणालीवरील वापरकर्त्याला.

पर्यायी फंक्शनची घोषणा एका सामाईक हेडरमध्ये ठेवावी आणि ती हॅव डेक्लच्या अटीत असावी. तपासणी न करता स्वतःचे ‘स्टॅटिक’ स्ट्रलकॉपी लिहून ठेवलेला प्रकल्प जीलिबसी २.३८ वर ‘आधीच्या घोषणेशी विसंगत’ अशा एररने थांबतो. वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेल्या कोडचे असे एका अपडेटनंतर अडणे केवळ दोन ओळींच्या तपासणीने टळते.

सोर्समध्ये प्रत्येक सी फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत ‘कॉन्फिग डॉट एच’ घ्यावे, कोणत्याही सिस्टिम हेडरच्या आधी. फीचर मॅक्रो त्यात असतात, आणि पहिले सिस्टिम हेडर एकदा वाचले गेले की ते मॅक्रो व्याख्यित करून काही उपयोग होत नाही.

८. दोन्ही उत्तरांची पडताळणी

बदल केल्यावर ‘ऑटोरिकॉन्फ’ चालवावे आणि रिकाम्या वेगळ्या फोल्डरमध्ये कॉन्फिगर करावे. कॅशेचा पर्याय वापरत असल्यास ‘कॉन्फिग डॉट कॅशे’ आधी पुसावी, नाहीतर सिस्टिम अपडेट होण्यापूर्वीची उत्तरे तशीच पुढे चालू राहतात.

‘येस’ची बाजू नव्या प्रणालीवर आपोआप तपासली जाते. ‘नो’ची बाजू मुद्दाम तपासावी लागते. त्यासाठी कॉन्फिगरच्या आज्ञेआधी ‘एसी सीव्ही फंक’ आणि त्याला अंडरस्कोरने जोडलेले फंक्शनचे नाव या व्हेरिएबलला ‘नो’ ही किंमत द्यावी. घोषणेसाठी असेच ‘एसी सीव्ही हॅव डेक्ल’ने सुरू होणारे व्हेरिएबल आहे, पण नव्या प्रणालीवर हेडरमध्ये खरी घोषणा असतेच, त्यामुळे या दुसऱ्यालाही ‘नो’ केल्यास दोन घोषणा एकत्र येतात, हे ध्यानात ठेवावे. अधिक विश्वासार्ह मार्ग म्हणजे दोन कंटेनर: डेबियन १२ मध्ये जीलिबसी २.३६ आहे, तेथे स्ट्रलकॉपी मिळत नाही. उबंटू २४.०४ मध्ये २.३९ आहे, तेथे मिळते. त्यांच्या जोडीला अल्पाइन घेतले की मसलवरही पाहून होते.

उत्तर अनपेक्षित आले तर कॉन्फिग डॉट लॉगमधील एररचे पूर्ण वाक्य वाचावे. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असेल तर फंक्शन खरोखर नाही किंवा लायब्ररी जोडलेली नाही. मात्र सिंटॅक्सचा एरर, ‘मेन’च्या प्रकाराबद्दलची तक्रार किंवा घोषणा नसलेल्या ‘एक्झिट’बद्दलचा एरर असेल, तर तपासणीचा प्रोग्रामच मोडका आहे आणि त्याचे ‘नो’ निरर्थक आहे. जुन्या पद्धतीने हाताने लिहिलेल्या अनेक तपासण्या जीसीसी १४ आणि क्लँग १६ वर अशाच मुकाट्याने ‘नो’ म्हणू लागल्या.

हा धोका काल्पनिक नाही. २०२४ च्या मार्चमध्ये उघडकीस आलेल्या एक्सझेड युटिल्स या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनांच्या घातपातात सीमेकच्या फाइलमधील लँडलॉक या लिनक्सच्या सँडबॉक्स सोयीच्या तपासणीत एक एकटा पूर्णविराम घुसवलेला आढळला. त्यामुळे तो तपासणी प्रोग्राम कधीच कंपाइल होत नसे, उत्तर नेहमी ‘नो’ येई आणि सीमेकने केलेल्या बिल्डमध्ये सँडबॉक्स गुपचूप बंद राही. सुरक्षेशी निगडित सोयीसाठी म्हणूनच ‘सापडले तर वापरा’ एवढेच न ठेवता ‘एनेबल’चा स्पष्ट पर्याय द्यावा, आणि वापरकर्त्याने तो मागितला असताना तपासणी ‘नो’ म्हणाली तर कॉन्फिगर थांबवावे. कॉन्फिगरच्या शेवटी काय चालू आणि काय बंद याचा चार ओळींचा गोषवारा छापणेही फार उपयोगी पडते.

*इशारा: कॉन्फिगर चालवताना ‘सीफ्लॅग्ज’मध्ये ‘डब्ल्यू-एरर’ ठेवू नये. मेमकॉपीसारख्या कंपायलरला आतूनच ठाऊक असलेल्या फंक्शनची खोटी घोषणा सूचना उत्पन्न करते, सूचना एरर बनते आणि असलेले फंक्शन नाही ठरते. हा फ्लॅग मेकच्या वेळी द्यावा.*

*इशारा: तपासणी बिल्ड करणाऱ्या यंत्राची लायब्ररी पाहते, प्रोग्राम जेथे चालणार आहे त्या यंत्राची नाही. उबंटू २४.०४ वर बांधलेला, स्ट्रलकॉपी वापरणारा बायनरी डेबियन १२ वर ‘जीलिबसी २.३८ सापडली नाही’ असे सांगून सुरूच होत नाही. मॅकओएसवर नवा एसडीके (हेडर आणि लायब्ररींचा संच) आणि जुने लक्ष्य (प्रोग्राम जेथे चालवायचा ती आवृत्ती) अशी जोडी असली तर तेच होते: क्लॉक गेटटाइम तेथे १०.१२ मध्ये आले, पण खोट्या घोषणेत ही आवृत्तीची माहिती नसल्याने जुन्या लक्ष्यासाठीही ‘येस’ मिळते. अशा ठिकाणी खऱ्या हेडरसह तपासावे आणि उपलब्धतेची सूचना त्या एका तपासणीपुरती एरर करावी. जुन्या प्रणालीसाठी बांधायचे असेल तर जुन्या प्रणालीच्या कंटेनरमध्येच बांधावे.*

९. सीमेक आणि मेसनमध्ये

सीमेकमधील ‘चेक फंक्शन एक्झिस्ट्स’ला एसी चेक फंक्सच्याच मर्यादा आहेत, त्याऐवजी हेडर घेऊन पाहणारे ‘चेक सिम्बॉल एक्झिस्ट्स’ वापरावे. फीचर मॅक्रो आणि लायब्ररी त्याला ‘सीमेक रिक्वायर्ड’ने सुरू होणाऱ्या व्हेरिएबलांतून द्याव्या लागतात. त्या न दिल्याने क्यूसॉर्ट आर ‘नाही’ ठरणे ही तेथील नेहमीची चूक आहे, आणि दिल्यावर पुसून न टाकल्याने पुढील तपासण्या बिघडणे ही दुसरी. उत्तरे सीमेक कॅशे फाइलमध्ये साठतात, त्यामुळे चूक दुरुस्त केली तरी जुने ‘नो’ कायम राहते. ३.२४ आवृत्तीपासून ‘फ्रेश’ हा पर्याय देऊन ती पुसता येते, आणि अयशस्वी तपासणीचा पूर्ण एरर ३.२६ पासून ‘सीमेक कॉन्फिगर लॉग’ या यामल फाइलमध्ये मिळतो.

मेसनच्या ‘हॅज फंक्शन’ला ‘प्रीफिक्स’मध्ये हेडरची ओळ द्यावी. ती नसेल तर तेही खोट्या घोषणेवरच चालते. फीचर मॅक्रो त्याच प्रीफिक्समध्ये हेडरच्या वर किंवा ‘आर्ग्ज’मधून द्यावा, आणि निकाल शंकास्पद वाटला तर ‘मेसन-लॉग्ज’ या फोल्डरमधील मेसन लॉग फाइल पाहावी, तिच्यातही तपासणीचा प्रोग्राम आणि कंपायलरचा एरर पूर्ण दिलेला असतो.